नवा कॉम्प्युटर घेण्याआधी जुन्याची निदान चाचणी घ्या : रॅम आणि प्रोसेसरचे नियोजन



निकाल लागले की जून-जुलैत मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "सर, मुलीला अप्लाइड आर्टला प्रवेश मिळालाय, कॉम्प्युटर कोणता घेऊ?" त्यावर सांगणारे भरपूर आहेत. पण वर्ष-दीड वर्षाने त्याच पालकांचा दुसरा प्रश्न येतो. "सर, कॉम्प्युटर हँग होतोय. दुकानदार म्हणतो, हा आता कामाचा नाही, नवाच घ्या." घरातला मोठा पैसा खरं तर या दुसऱ्या प्रश्नात जातो, आणि त्याबद्दल फारसं कुणी समजावून सांगत नाही. म्हणून आजचा लेख यावर. चित्रकला, ॲनिमेशन, व्हिडिओ एडिटिंग शिकणारं मूल ज्यांच्या घरी आहे त्यांच्यासाठी, आणि आपल्यापैकी जे स्वतः पाठांचे व्हिडिओ बनवतात त्यांच्यासाठीही.

वर्गात एखादं मूल गणितात मागे पडलं तर आपण लगेच "याला गणित येत नाही" असं म्हणतो का? आधी निदानात्मक चाचणी घेतो. हातच्याची वजाबाकी अडते आहे, की उदाहरण वाचूनच कळत नाही, हे बघतो. उपचार त्यानंतर. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. "स्लो झालाय" हे निदान नाही, ती तक्रार आहे. तो नेमकं कशाची वाट बघत थांबतोय हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

थांबण्याच्या जागा मुख्यतः तीन. रॅम म्हणजे चित्रकलेच्या तासाला मांडलेलं टेबल. टेबल जेवढं मोठं, तेवढे कागद-रंग एकाच वेळी समोर राहतात. हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे कपाट. आणि प्रोसेसर म्हणजे काम करणारे हात. टेबल भरलं की काही कागद उचलून कपाटात ठेवावे लागतात आणि लागले की परत काढावे लागतात. विंडोज अगदी हेच करते. रॅम संपली की तिच्यातला काही मजकूर डिस्कवर लिहिते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला एका जागेवरून दुसऱ्या जागी पोचायला साधारण दहा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर फेऱ्या. मग हात कितीही चपळ असले तरी कपाटापाशी उभे राहणारच.

रॅम किती लागते याचा अंदाज आपण शाळेतल्या गुणाकाराने काढू शकतो. मुलांनाही हे गणित जरूर द्या, आवडतं त्यांना. ए-३ आकाराचं पोस्टर छपाईसाठी ३०० डीपीआयला उघडलं तर त्यात ३५०८ × ४९६१, म्हणजे सुमारे १ कोटी ७४ लाख पिक्सेल असतात. छपाईचे रंग चार, प्रत्येकाला एक बाइट. म्हणजे एका पूर्ण लेयरला जवळजवळ ७० एमबी. मुलं वीस-वीस लेयर सहज करतात, झाले १४०० एमबी. शिवाय "अनडू" साठी मागच्या पायऱ्या जपून ठेवलेल्या, बाजूला ब्राउझरमध्ये संदर्भाची चित्रं उघडी, गाणी चालू. ८ जीबी रॅम इथेच दमते.

व्हिडिओचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८० पिक्सेल. एका फ्रेमला साधारण ८.३ एमबी, सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर २०७ एमबी. आफ्टर इफेक्ट्समध्ये दहा सेकंदांचा तुकडा चालवून बघायचा तर त्या फ्रेम रॅममध्ये मांडाव्या लागतात, म्हणजे २ जीबीहून थोडं जास्त. तेच फोर-के मध्ये केलं तर चौपट, ८ जीबीच्या वर. फक्त दहा सेकंद! म्हणून मी विचारतो, मूल नेमकं काय शिकतंय? पहिल्या वर्षी स्थिरचित्र आणि अक्षरलेखन असेल तर १६ जीबीत निभावतं. मोशन ग्राफिक्स सुरू झालं की ३२ कडे जावं लागतं. अभ्यासक्रम बघून वार्षिक नियोजन करतो ना आपण? रॅमचंही तसंच करायचं.

आता एक खरी गोष्ट सांगतो. आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी अप्लाइड आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील एसटीत वाहक. मागच्या डिसेंबरात ते एका दुकानाचं कोटेशन घेऊन आले. १ लाख १८ हजार. "सर, पतसंस्थेतून कर्ज काढतोय. सही करायच्या आधी म्हटलं तुम्हाला दाखवावं." पोरीला वाटत होतं की आपल्यामुळे घरावर कर्ज होणार, आणि वडिलांना वाटत होतं की पैशापायी पोरीचं शिक्षण अडू नये. दोघंही एकमेकांशी याबद्दल नीट बोलत नव्हते. हे मला पैशापेक्षा जास्त खटकलं.

मी तिला म्हटलं, "अगं, चार दिवस वहीत नोंद ठेव. मग बघू." कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स हा भाग आहे. वहीत चार रकाने : काय काम चालू होतं, मेमरी किती टक्के, डिस्क किती टक्के, प्रोसेसर किती टक्के. जेव्हा जेव्हा मशीन अडेल तेव्हा नोंद करायची. बस्स.

चार दिवसांनी वही आली. पोस्टरचं काम करताना मेमरी ९५ च्या आसपास, डिस्क सरळ १००, आणि प्रोसेसर मात्र ३५-४०. म्हणजे हात रिकामे बसले होते! फक्त एकाच प्रकारच्या कामात प्रोसेसर १०० दिसला : आफ्टर इफेक्ट्समधून तयार व्हिडिओ बाहेर काढताना.

मशीन होतं दहावीच्या सुट्टीत घेतलेलं. रायझन ३ २२००जी प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीची एकच पट्टी, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. यात एक छुपी गोष्ट आहे. वेगळं कार्ड नसलं की प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅममधूनच आपला वाटा काढून घेतं. त्यामुळे ८ जीबी लिहिलेलं असलं तरी विंडोजला वापरायला मिळत होती ६ जीबीपेक्षाही कमी. शिवाय पट्टी एकच. दोन स्लॉटमध्ये दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला रॅमकडे जायला दोन रस्ते मिळतात, याला ड्युअल चॅनल म्हणतात. ज्याचं ग्राफिक्स रॅमवर जगतं, त्याला हा दुसरा रस्ता फार उपयोगी पडतो.

मग पहिला टप्पा ठरला : रॅम आणि एसएसडी. पण इथेही नियोजन लागतंच. बोर्डावर स्लॉट दोनच होते (टास्क मॅनेजरमध्येच "१ ऑफ २" असं दिसतं). दुकानदाराचा सोपा सल्ला असतो, अजून एक ८ ची टाका. आज स्वस्त, पण दोन्ही जागा भरल्या. पुढच्या वर्षी ३२ हवी झाली की दोन्ही पट्ट्या काढून टाकायच्या, म्हणजे आजचे पैसे पाण्यात. सरळ १६-१६ ची जोडी घेणं सगळ्यात चांगलं, पण रॅमच्या बाजाराची अवस्था तुम्हाला माहीतच असेल. २०२५ च्या उत्तरार्धापासून किमती भडकल्या. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी म्हटल्यावर त्यांचं लक्ष तिकडे वळलं. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला घरगुती ग्राहकांसाठीचा क्रूशल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा आम्ही मधला मार्ग काढला : १६ ची एकच पट्टी घेतली आणि जुन्या ८ शेजारी लावली. एकूण २४. आकार वेगळे असल्याने सगळी रॅम ड्युअल चॅनलवर चालत नाही, पण बराचसा भाग चालतो. पुढे किमती उतरल्या की ८ काढून दुसरी १६ लावायची. एकही पट्टी अकाली बाद होत नाही.

रॅम घेताना डीडीआर४ की डीडीआर५ हे नीट बघा. दोन्हींची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकाची दुसऱ्यात बसत नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. वेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या लावल्या तर दोन्ही हळू पट्टीच्या वेगाने चालतात. आणि ३२०० वेगाची पट्टी लावूनही कित्येकदा ती कमी वेगाने चालत राहते, कारण बायोसमध्ये एक्सएमपी नावाची सेटिंग चालू करायची राहिलेली असते. दुकानातून निघण्याआधी ही सेटिंग करून घ्या.

एसएसडीवर विंडोज आणि सगळी सॉफ्टवेअर घेतली. जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवली, झालेल्या कामाची प्रत ठेवायला. त्यानंतर तिने पुन्हा चार दिवस वही लिहिली. पोस्टरच्या वेळी मेमरी ६०-६५, डिस्क बहुतेक वेळ शांत. पोरगी म्हणाली, "सर, आता मीच स्लो आहे."

राहिला प्रोसेसर. तो लगेच बदलायचा नाही, मे महिन्याच्या सुट्टीत बदलायचा, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. सबमिशनच्या आठवड्यात कॅबिनेट उघडायचं नाही, हा माझा नियम आहे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. प्रोसेसरने किती फरक पडेल हे आधी कागदावर काढता येतं.

पुरणपोळ्यांचं उदाहरण घ्या. पुरण शिजायला लागणारा वेळ लागणारच. तिथे चार जावा-नणंदा उभ्या राहिल्या तरी डाळ लवकर शिजत नाही. पोळ्या लाटायला मात्र जास्त हात उपयोगी पडतात. कॉम्प्युटरच्या कामातही काही भाग एकामागून एकच करावा लागतो आणि काही भाग वाटून देता येतो. समजा दहा मिनिटांच्या कामात ४ मिनिटं पुरणाची आणि ६ मिनिटं लाटण्याची आहेत, तीही चार हातांनी. हात आठ केले तर ४ + ३ = ७ मिनिटं. सोळा केले तर साडेपाच. आणि कितीही केले तरी चारच्या खाली कधीच नाही. जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये हा मुद्दा मांडला, त्याला ॲमडालचा नियम म्हणतात. म्हणून कोअरची संख्या दुप्पट म्हणजे वेग दुप्पट, ही दुकानातली भाषा झाली.

सॉफ्टवेअरचा स्वभावही बघावा लागतो. फोटोशॉपमधली बरीच कामं थोड्याच हातांवर चालतात. आफ्टर इफेक्ट्समध्ये २०२२ च्या आवृत्तीपासून अनेक फ्रेम एकाच वेळी रेंडर होऊ लागल्या, त्यामुळे तिथे जादा कोअर कामी येतात. पण प्रत्येक फ्रेमला स्वतंत्र रॅम लागते! म्हणजे प्रोसेसर वाढवला की रॅमची भूकही वाढते. रॅम आधी, प्रोसेसर नंतर हा क्रम मी धरतो त्यामागे हेही एक कारण आहे. ब्लेंडरमध्ये सायकल्सने रेंडर करणं किंवा डाविंची रिझॉल्व्ह हे बरंचसं ग्राफिक्स कार्डावर अवलंबून असतं. तिथे नुसत्या प्रोसेसरवर पैसे घालून उपयोग नाही.

आता तिच्या मशीनला कोणता प्रोसेसर चालेल? मदरबोर्ड एएम४ सॉकेटचा. या सॉकेटमध्ये रायझनच्या १००० पासून ५००० पर्यंतच्या मालिका येऊन गेल्या, त्यामुळे जुन्या मशीनला बरीच पुढची उडी मारता येते. दुकानदाराने सुचवला रायझन ५ ५६००. सहा कोअर, बारा थ्रेड, उत्तम प्रोसेसर. पण त्यात ग्राफिक्स नाही! तिच्याकडे वेगळं कार्डही नाही. तो बसवला असता तर पंखा फिरला असता आणि पडदा काळाच राहिला असता. आम्हाला हवा होता ५६००जी. नावातल्या त्या एका "जी" ला इतकी किंमत आहे. ५६००जी आणि जुना २२००जी दोन्ही ६५ वॅटचे, म्हणून पॉवर सप्लाय तोच चालला. सोबत कूलरही येतो. हेच ५७००एक्स घेतला असता तर कूलर वेगळा विकत घ्यावा लागला असता.

बसवण्याचा क्रम मात्र नीट लक्षात ठेवा. मदरबोर्ड कंपनीच्या वेबसाइटवर कोणत्या प्रोसेसरला बायोसची कोणती आवृत्ती लागते याची यादी असते. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करायचं, नंतर प्रोसेसर बदलायचा. उलटं केलं तर मशीन सुरूच होत नाही. अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्डच बाद होऊ शकतो, तेव्हा यूपीएस नसेल तर हात लावू नका. आपल्याकडे उन्हाळ्यातल्या दुपारी तर नाहीच. एएम४ मध्ये अजून एक भानगड आहे. जुनी थर्मल पेस्ट वाळून घट्ट बसलेली असते, कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून हिसका देऊन बाहेर येतो आणि पिना वाकतात. मशीन थोडा वेळ चालवून गरम करायचं, बंद करून वायर काढायची, मग कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा. डिस्क बिटलॉकरने लॉक केलेली असेल तर तिची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, प्रोसेसर बदलल्यावर विंडोज ती मागू शकते.

या बदलाचा एक फायदा आम्हाला वरकड मिळाला. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने दिलेल्या यादीत २२००जी नाही, ५६००जी आहे. म्हणजे सुरक्षा अपडेटचा प्रश्नही त्यातच सुटला.

दोन्ही टप्प्यांचा खर्च मिळून त्या कोटेशनच्या एक तृतीयांशाच्या आत राहिला. कर्ज काढावं लागलं नाही.

पण प्रत्येक जुनं मशीन असं वाचवावं असं मी म्हणणार नाही. डीडीआर३ रॅमचं मशीन असेल तर त्यात पैसे घालू नका. तिथे प्रोसेसर बदलायचा म्हणजे बोर्ड बदलायचा, बोर्ड बदलला की रॅम बदलायची, शेवटी जुनं राहतं ते फक्त कॅबिनेट. इंटेलमध्ये एक फसवी जागा आहे : सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीच्या सॉकेटचं नाव एकच, एलजीए ११५१. तरी सहाव्या पिढीच्या बोर्डात आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. ओएलएक्सवर सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे पाठच करावं. बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीला मात्र एलजीए १७०० हेच सॉकेट आहे. बाराव्या पिढीचा आय-३ घरात असेल तर त्याला पुढे वाव आहे, बोर्डाची यादी तेवढी बघून घ्या.

आणि लॅपटॉप घेणाऱ्या पालकांसाठी वेगळं सांगतो, कारण हल्ली हॉस्टेलमुळे बहुतेकांना लॅपटॉपच हवा असतो. लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डला कायमचा जोडलेला असतो, तो बदलता येत नाही असंच धरून चला. पुष्कळशा पातळ लॅपटॉपमध्ये रॅमही तशीच असते. ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकबुकमध्ये तर रॅम नंतर वाढवायची सोयच नाही. तिथे सगळं नियोजन खरेदीच्या दिवशीच संपतं. तेव्हा दुकानात गेल्यावर प्रोसेसरचं नाव विचारायच्या आधी एवढं विचारा : "यात रॅमचा मोकळा स्लॉट आहे का, आणि जास्तीत जास्त किती जीबी चालते?" उत्तर "नाही, रॅम फिक्स आहे" असं आलं, तर तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम काढून बघा आणि त्या वर्षाला लागेल तेवढी रॅम आजच घ्या. प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी चालेल.